सातव्या खोलीचा अहवाल

१९ मे

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

सोबत जोडलेलं पत्र आधी वाच, मग माझं. पाकिटावर नाव तुझं आणि पत्ता माझा होता, म्हणून फोडलं. शाळेत तुझी कायम नेमणूक झाली आहे. एक जुलैला सकाळी हजर व्हायचं. नाही झालीस तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावतील. तुझ्या आईने ते तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा लावून.

आता माझी शंका. गेले पाच महिने तू लिहितेस की तू ‘मनोरंजनातून प्रबोधन करणाऱ्या संस्थेत आशयनिर्मिती’ करतेस. शेजारचे पंपवाले विचारतात, मुलगी काय करते. मी हे वाक्य पाठ म्हणून दाखवतो. ते मान हलवतात, मीही हलवतो. दोघांनाही काही कळलेलं नसतं. मी बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो. बाटली बाहेर पडत नसेल तर यंत्र चालू आहे असं आम्ही म्हणत नसू. तुझ्या यंत्रातून बाहेर काय पडतं, ते एका ओळीत कळव.

फोन नको. तू तिकडून बोलतेस, आई माझ्याकडे तोंड करून तेच परत बोलते, मी तिचे ओठ वाचता वाचता निम्मं गाळतो आणि शेवटी घरात नुसती आरडाओरड होते, जी मला ऐकू येतच नाही. कागदावरचं गळत नाही.

आशीर्वाद न मागता मिळतात. उत्तर मात्र मागून घेतो आहे.

तुझे
बाबा


२५ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही एक ओळ मागितलीत. तिचे चार मसुदे झाले. पहिल्यात ‘समाज’ शब्द तीनदा आला, दुसऱ्यात ‘माध्यम’, तिसऱ्यात दोन्ही. चौथा असा: बाबा, आम्ही भुतांचा खेळ बनवतो.

लिहून टाकलं. आता बरं वाटतंय.

आमचं कार्यालय म्हणजे दाताच्या दवाखान्याच्या वरची एक लांबट खोली. आम्ही चौघं. एक प्रमुख, एक चित्रकारताई, संगणकाला आज्ञा लिहून देणारे एक अबोल गृहस्थ आणि मी. खेळ संगणकावर खेळायचा. एक जुनं भाड्याचं घर आहे, खेळणारा तिथला नवा भाडेकरू. सात खोल्या, सात भुतं. प्रत्येक भूत एक छोटंसं काम सांगतं, ते झटपट करून दाखवायचं. एकाला टोपी घालून द्यायची, एकीचे केस विंचरायचे, असं. जमलं तर पुढची खोली उघडते. चुकलं तर भूत किंचाळतं आणि तुमचा अपमान करतं. ते अपमान मी लिहिते. पाच महिन्यांत मी भुतांना चारशे बारा अपमान लिहून दिले आहेत. घरातली पहिली पदवीधर, जिची पदवी तुम्ही आईच्या शिलाई यंत्राच्या वर चौकटीत लावलीत, ती सकाळी दहा ते सहा सांगाड्याला उद्धटपणा शिकवते.

तरी मला हे मनापासून आवडतं, बाबा. घाबरताना माणूस एकटा पडतो आणि हसताना सगळ्यांत येऊन बसतो; आम्हाला त्याला एका क्षणात इकडून तिकडे न्यायचं असतं. हा खेळ सर्वांसाठी आहे. (हेच वाक्य मी कार्यालयात म्हटलं तेव्हा चित्रकारताईंनी उठून खिडकी उघडली.)

शाळेचं पत्र मी पाच वेळा वाचलं. मी दुसरीत असल्यापासून तुम्ही मला मास्तरीण म्हणता, ते नुसतं चिडवणं नव्हतं हे मला माहीत आहे. म्हणून एक करार. माझा कॉलेजचा लॅपटॉप पार्सलने पाठवते आहे. खेळ त्याला लावलेल्या पेनड्राइव्हवर आहे. कोणती बटणं दाबायची ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. तुम्ही सातही खोल्या खेळा आणि अहवाल द्या. सगळं बघून हे काम नाही असं तुम्ही म्हणालात, तर मी तीस जूनला घरी आणि एकला शाळेत. काम आहे म्हणालात, तर शाळेला नकार कळवीन. तुम्ही कधी खोटा अहवाल दिला नाहीत, म्हणून तुमच्यावर सोडते. खेळ कुठे अडखळतो ते त्या पेनड्राइव्हवर आपोआप उमटतं, म्हणून अधूनमधून तो पत्रासोबत परत पाठवा. मी दुसरा पाठवत जाईन.

माया आहे तशी राहू द्यावी. राग आला तर तोही पत्रानेच पाठवावा.

तुमची
मास्तरीण


२ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

लॅपटॉप पोचला. करार मान्य. चार दिवस सकाळी चहा झाल्यावर बसतो आहे. अहवाल कारखान्यातल्या पद्धतीने देतो.

खोली एक. गृहस्थ, मुंडकं नाही. टोपी घालायची. कुठे घालायची याचा खुलासा नाही. मी तीन वेळा चुकलो. तेव्हा लिहून आलं की, मला तर डोकंच नाही, तुमची काय सबब? मी हसलो नाही. आई म्हणते खांदे हलले. तिला शिवताना चष्मा लागतो, तेव्हा तिची साक्ष धरू नये.

खोली दोन. न्हाणीघर. नळीतून हात वर येतो. साबण मागतो, दिला. ब्रश मागतो, दिला. टॉवेल मागितल्यावर मी नळीचं तोंड बंद करायला गेलो, तर तशी सोय केलेली नाही. दोष: गळतीच्या मुळाशी जाऊ देत नाहीत. एकतीस वर्षांत मी तुंबलेल्या नळीला टॉवेल दिलेला नाही.

खोली तीन. कपाटातले मोज्यांचे जोड लावणे, कपाट चावतं. बिजागरीत तेल नाही हे चित्रातही दिसतं. कोणी काढलं असेल त्याने बिजागरी नीट पाहून काढली आहे, हे त्यांना सांग.

खोली चार. केस विंचरणे. जमलं. तुझी वेणी मी घालत असे, ते हात विसरलेले नाहीत.

खोली पाच. इथे मोठा दोष आहे. अंधारा बोळ, हातात कपांचा ट्रे. पलीकडच्या दारापर्यंत चालायचं. मध्येच भूत मागून येतं आणि उचलून नेतं. कसलीही सूचना नाही. एकोणीस वेळा नेलं. कागदावर तू लिहिलं आहेस की भूत जवळ आलं की हलू नये. पण जवळ आलं हे कळणार कसं? कारण: सापडलं नाही. उपाय: भुताने येण्याआधी कळवावं. आमच्या घरातही सगळे असेच न कळवता पाठीमागे येऊन उभे राहतात, पण निदान उचलून नेत नाहीत.

तुझ्या या उद्योगाला काय म्हणायचं ते सात खोल्या झाल्यावर. तोवर जेवत जा.

तुझे
बाबा


५ जून

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. फोनवर बोलले तर तू हसशील आणि मला पुढचं सांगता येणार नाही.

परवा मी मागच्या खोलीत गणवेश शिवत होते. एकाएकी तुझी किंकाळी ऐकू आली. तुझीच, दुसऱ्या कोणाची असती तर मी सुई कापडात तशीच ठेवून धावले नसते. मला वाटलं तू अचानक आलीस आणि जिन्यावर पाय घसरला. मी अनवाणी खाली रस्त्यापर्यंत गेले. पंपवाले विचारतात काय झालं, मी म्हणते पोर पडली, ते म्हणतात कोणाची. आम्ही दोघांनी तुला जिन्याखालीसुद्धा शोधलं. वर येते तर हे लॅपटॉपपुढे शांत बसलेले आणि तू त्यातून परत किंचाळलीस. ह्यांच्या गावीही नाही! माझा हात लागला तेव्हा तेच दचकले आणि वर मला म्हणतात, न कळवता येऊ नकोस.

भुताच्या किंकाळ्या तुझ्याकडून काढून घेतात हे आईला आधी कळवायची पद्धत तुमच्या संस्थेत नाही का? माझं एक टोक चुकीचं शिवलं गेलं, ते उसवावं लागलं.

मग मी स्टूल घेऊन जरा वेळ शेजारी बसले. तुला एक सांगायचं आहे. ते भूत काही गुपचूप येत नाही गं. चांगलं पाय आपटत येतं. ठक, ठक, ठक. मला मागच्या खोलीत यंत्र थांबवलं की ऐकू येतं. हे समोर बसून कपांचा ट्रे घेऊन चालतच राहतात. वीस-पंचवीस वेळा तरी नेलं असेल त्यांना. मी सांगणार होते, पण ते कागदावर कारणं लिहून काढत होते आणि एकेक खोडत होते. माझ्याच्याने सांगवलं नाही.

अंगाला सांभाळून राहा. इकडची काळजी नको, आणि असलीच तर माझ्यापुरती ठेव.

तुझी
आई


१० जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाचव्या खोलीतल्या दोषाचं कारण सापडलं. कारण मी आहे.

भुताच्या येण्याची सूचना आहे, बाबा. पावलांचा आवाज. फक्त आवाज. आईने मला कळवलं. तिच्यावर रागावू नका. ती खोली माझीच कल्पना. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत ‘सर्वांसाठी’ असं लिहून लावलं आहे. त्याखाली बसून मी असा बोळ लिहिला की ज्यातून माझे स्वतःचे बाबा जाऊ शकत नाहीत. एरवी ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याविषयी मी कोणत्याही व्यासपीठावर दहा मिनिटं बोलेन, टिपणाशिवाय. आणि तुम्ही फोन का घेत नाही हे मला शाळेत असल्यापासून इतकं सवयीचं झालं आहे की ते मला आठवलंच नाही. तुम्ही माझे बाबा आहात, तुम्हाला ऐकू येत नाही. ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होती.

तुमचं पत्र वाचल्यावर तर मी तुम्हाला सूचना नीट वाचा असं लिहायला बसले होते. तेवढ्यात आईचं पाकीट आलं. थोडक्यात वाचले.

प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, भूत दिसायलाच लागलं तर भीती कसली राहील. मी भाषण सुरू केलं. भाषणाने काही होत नाही हे मला आता कळायला हवं, पण तोंड ऐकत नाही. मी तिसऱ्या मुद्द्यावर असताना चित्रकारताईंनी एक कागद पुढे सरकवला. बोळातला दिवा. भूत पाऊल टाकतं तसा दिवा मिचकतो, जवळ येतं तसा जास्त, आणि अगदी मागे आलं की दिवाच घाबरून डोळे मिटून घेतो. अबोल गृहस्थांनी तो दोन दिवसांत चालू करून दिला. पहिल्यांदा लावला तेव्हा प्रमुख स्वतः दचकले आणि मग इतके हसले की खालच्या दवाखान्यातून डॉक्टर वर विचारायला आले. आता सगळ्या खेळात तीच खोली सर्वांत जमली आहे असं सगळे म्हणतात. त्यात माझं कर्तृत्व म्हणाल तर एवढंच की चूक माझी होती.

नवा पेनड्राइव्ह सोबत आहे. तुमच्या दोन तारखेच्या पत्रात पाचही खोल्यांचा अहवाल आहे, पण ‘काम’ हा एक शब्द नाही. मी शोधला. तुम्ही ‘उद्योग’ लिहिलंत. मी वाट बघते आहे.

क्षमा मागायला पत्र अपुरं आहे. तरी मागते, आणि तुमचा लोभही, दोन्ही एकाच टपालात.

तुमची
मास्तरीण


१४ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

क्षमा वगैरे काही नाही. यंत्रात चूक असते म्हणून तर फिटर लागतो.

नवा पेनड्राइव्ह यायच्या आधीच मी त्या बोळातून पार झालो होतो, हे नोंदवून ठेव. तुझ्या आईचा चेहरा बघून काहीतरी ऐकायचं आहे एवढं मला कळलं. कारखान्यात कान गेले तरी शेवटची नऊ वर्षं मी बेअरिंग तपासत होतोच. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ जबड्याच्या हाडाला. खराब बेअरिंग दातांत कळतं. तसं लॅपटॉपला लावून बघितलं. पावलं कळली. पुढे सोय म्हणून डावा तळवा आवाज येतो त्या जाळीवर ठेवला आणि उजव्या हाताने खेळलो. तिसाव्या फेरीत पलीकडे पोचलो. दारात येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली अभिनंदन आणि दूध उतू गेलं.

त्यात एकदा चुकलो तेव्हा हाताखाली एकदम मोठा थरार आला, पावलांचा नव्हे. आईला विचारलं हे काय. ती म्हणाली ही तुझी किंकाळी. मी परत मुद्दाम चुकून बघितलं. तू नववीत होतीस तेव्हापासून तुझा आवाज मला मिळालेला नाही. बराच ठणठणीत आहे. मध्येच जरा फाटतो, तो फाटू दे, आजीचाही फाटत असे.

मग तुमचा नवा दिवा लावून खेळलो. पहिल्या खेपेला पार. दिवा उत्तम. डोळे मिटतो तेव्हा मी हसलो, हे यावेळी मीच सांगतो. सहावी खोलीही झाली, कवट्यांच्या कवळ्या जुळवणे. सोपी आहे. सातवी सुरू केली आहे.

तुझे
बाबा

ता. क. बाळ, आई लिहिते आहे. तुमचा तो दिवा बघून मी परवापासून ह्यांच्या खोलीत शिरायच्या आधी बाहेरचं बटण दोनदा दाबते. दिवा मिचकतो, हे मान वळवतात, मग मी आत जाते. इतकी वर्षं हा माणूस माझ्यामुळे दिवसातून दहादा दचकत होता आणि मी त्यालाच भित्रा म्हणत होते. आता पंपवालेही बटण दाबून येतात. काल त्यांनी उगाच सहादा दाबलं, तेव्हा ह्यांनी त्यांना भूत म्हटलं.


२२ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. सातवी खोली अजून चालू आहे. जिना आहे, दर वेळी वेगळीच पायरी नाहीशी होते, वर घरमालकीण भूत बसलेली. अवघड आहे. वेळ लागेल. तेव्हा अहवालाची घाई करू नये.

तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी निसटत होती, ती बदलली. भिंतीला रंग दिला, तू म्हणायचीस तो फिकट निळा. कपाटातला वरचा खण मोकळा करून ठेवला आहे. येणार असलीस तर अंथरूण आणू नकोस, इथे आहे. मंगळवारी शाळेवरून सहज गेलो होतो. फाटक नवीन लावलं आहे, पण वरच्या बिजागरीत झुकतं आहे. तिथे कोणाचं लक्ष दिसत नाही.

पेनड्राइव्ह सोबत आहे.

तब्येतीची हेळसांड करू नये. वाट पाहणाऱ्यांना दिवस मोठे वाटतात, एवढं ध्यानात असावं.

तुझे
बाबा


२७ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पेनड्राइव्ह काल मिळाला. तो लावल्यावर मी आधी जागेवरून उठले, मग बसले, मग चित्रकारताईंनी मला पाणी दिलं.

बाबा, त्यावर नुसतं कुठे अडलं एवढंच उमटत नाही. तारीख आणि वेळही उमटते. तुम्ही सातवी खोली सोळा जूनला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पूर्ण केलीत. तिसऱ्याच प्रयत्नात. आमच्या प्रमुखांना अकरा लागले होते. त्यानंतर तुम्ही सातव्या खोलीत एकदाही गेला नाहीत. बावीस तारखेच्या पत्रात मात्र तुम्ही अजून जिना चढता आहात.

आणखी एक उमटलं आहे. सोळा तारखेनंतर तुम्ही पाचवी खोली एकसष्ट वेळा उघडलीत. एकसष्ट वेळा दिवा मिचकला आणि एकसष्ट वेळा तुम्ही हललात. इतकं सतत चुकायला जमावं लागतं.

माझी ट्रंक पंधरा दिवस दाराशी भरून उभी होती. मी रोज टपाल बघत होते. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर तुमची सही मिळेपर्यंत मी दप्तर भरत नसे, तशीच या वयात बसले होते. चारशे बारा अपमान लिहिणारी बाई, आणि स्वतःचं आयुष्य वडिलांच्या नावाने पाकिटात घालून पाठवून दिलं. वर त्याला करार असं भारदस्त नाव. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून सोडलं, असं मी लिहिलं होतं. खरं तर मला ठरवायची भीती वाटत होती आणि ती मी तुमच्या हातात दिली.

तेव्हा काल दुपारी मी मुख्याध्यापिकाबाईंना नकाराचं पत्र टाकलं आणि फोनही केला. त्या म्हणाल्या बरं झालं वेळेत कळवलंत, यादीतली पुढची मुलगी रोज चौकशीला येते. मी इथेच राहणार आहे. तुमचा निकाल काहीही असला तरी.

तुम्ही मुद्दाम गप्प राहिलात ते मला कळलं. तारीख निघून जावी आणि मी सुटावी म्हणून तुम्ही न हरता हरलात. मला मोकळं करण्यासाठी तुम्ही जन्मात पहिल्यांदा अहवाल दाबलात. इतकं मोठं मन मी पुस्तकांतसुद्धा…

हे वाक्य पूर्ण करत नाही. तुम्ही नुसते खांदे हलवाल.

रागवा किंवा रागवू नका, पण लिहा. तुमच्या अक्षराची सवय सुटणारी नाही.

तुमची
मास्तरीण


३ जुलै

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

त्या पेनड्राइव्हवर वेळ उमटते हे तू सांगितलं नव्हतंस. हजेरीचं घड्याळ कारखान्यातही होतं, पण ते दारावर सर्वांना दिसेल असं लावलेलं असे. हा तुमच्या खेळातला दोष समज आणि दुरुस्त कर.

तू नकार कळवलास ते ठीक केलंस. तो निर्णय तुझाच होता, मी तो हातात घ्यायलाच नको होता. तू विचारलंस तेव्हा मला बरं वाटलं म्हणून घेतला.

पण तू माझ्याविषयी जे लिहिलं आहेस ते चूक आहे, आणि चुकीचं श्रेय घेतलेलं मला चालत नाही. तुला मोकळं करायला वगैरे मी गप्प राहिलो नाही. उलट आहे. मला तू घरी यायला हवी होतीस. अहवाल खरा दिला असता तर तू आली नसतीस. खोटा मला देता येत नाही. म्हणून दिलाच नाही. म्हटलं, मी जिन्यावर आहे तोवर ती ट्रंक भरलेली ठेवेल, आणि भरलेली ट्रंक कधी कधी उचललीही जाते. भिंतीला रंग त्यासाठीच दिला. तू समजतेस तितका मी मोठा नाही. ओला रंग बघत बसणारा म्हातारा आहे. आईला हे सगळं ठाऊक होतं असं ती आता म्हणते. ती नेहमी नंतरच सांगते.

एकसष्टचा आकडा बरोबर असेल, डावा तळवा जाळीवरच होता. मी मोजलं नाही.

आता अहवालाचं. तू म्हणतेस निकाल काहीही असला तरी. तरी करार केला होता म्हणून कळवतो. निकाल मी सोळाला दिला नाही. तो त्याच्या आदल्या दिवशीच लागून गेला होता. पंधराला दुपारी मी पंपवाल्यांकडे वॉशर बदलत होतो. ते पाठीमागून आले, पण खोलीतला दिवा दोनदा लावून आले, तेव्हा मी मान वर करून त्यांचे ओठ बघितले. विचारत होते, मुलगी सुटीला का नाही आली. मी पान्हा फिरवत फिरवतच सांगितलं की ती कामात आहे, सध्या तिला सुटी मिळत नाही. ते बरं म्हणाले. मी वॉशर बसवला, पाणी सोडलं, गळती बघितली आणि घरी निघालो. अर्ध्या जिन्यात थांबलो.

मला ऐकू येत नाही, पण मी काय बोललो ते मला कळतं.

पुढच्या महिन्यात दोन दिवस काढता आले तर ये. नाही आले तरी, आमच्याकडून आहे ते तसंच आहे.

तुझे
बाबा